सोलर तापतो, पाणी अडतं

डिसेंबरात पुण्याचा पारा दहा-बारा अंशांवर आला की सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार ठरलेली, ‘सोलरचं पाणी गरम येत नाहीये.’ बोल काचेच्या नळ्यांना लागतो. गच्चीवर जाऊन पाहावं तर टाकीतलं पाणी कढत. गोची असते पाइपांत.

घरगुती सोलरला सहसा पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक टाकीत चढतं आणि उंचावरच्या गार पाण्याच्या टाकीचा दाब ते नळाकडे ढकलतो. गच्चीच्या पातळीवर हा दाब अगदीच बेताचा. 1 मीटर उंचीला हवेच्या दाबाच्या जेमतेम एक दशांश. त्यात पाणी तापलं की विरघळलेली हवा सुटते. कठड्यावरून चढवून मग डक्टमध्ये सोडलेल्या पाइपाच्या उंचवट्यात ती अडकते. नळ फुसफुसतो, धार करंगळीएवढी होते. यावर पाइप सलग उतारात घ्यायचा, नाहीतर उंचवट्यावर व्हेंट काढायचा.

गरम टाकीवरची उभी, उघडी नळी हाही असाच व्हेंट. तिचं तोंड गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून वर हवं. ती ठिबकते म्हणून बूच मारणारे महाभाग असतात. मग वाफेला वाट उरत नाही आणि टाकी भराभर रिकामी झाली तर आतल्या पोकळीने पत्रा चेपतो.

सगळ्यात चकवणारा दोष वेगळाच. शॉवर जोरात यावा म्हणून कुणीतरी फक्त गार लाइनला प्रेशर पंप लावतं. एखाद्या बाथरूममधला मिक्सर आतून खराब असला की जोराचं गार पाणी त्यातून गरम लाइनीत शिरतं, उलटं चढतं आणि थेट व्हेंटमधून गच्चीवर सांडतं. तपासणी सोपी आहे. सोलरच्या टाकीपाशी गरम लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि खाली गरम नळ सोडायचा. लाइनीत उरलेलं पाणी संपल्यावरही धार चालूच राहिली, तर गार पाणी कुठून तरी घुसतंय. मग एकेका बाथरूमचे अँगल कॉक बंद करत गुन्हेगार मिक्सर शोधायचा आणि त्याचं कार्ट्रिज बदलायचं.

बोअर किंवा टँकरचं जड पाणी असेल तिथे क्षार धरतात आणि पाइप आतून अरुंद होतो. तिथे वेळच्या वेळी डिस्केलिंगच हवं.

गरम पाणी उशिरा येतं ही खालच्या मजल्यांची तक्रार मात्र बिघाडाची नसते. 20 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे 0.3 लिटर पाणी मावतं. 25 मीटरच्या लाइनीतलं जवळपास 8 लिटर गार पाणी आधी बादलीत येणारच. रिटर्न लाइन आणि छोटा पंप बसवला तर ते वाचतं, पण त्या खर्चाचा ठराव सोसायटीच्या सभेत मंजूर व्हावा लागतो.