नाव आमचे, हक्कही आमचाच!

गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर विहारात एक भगिनी पत्र्याची पेटी घेऊन आल्या. पेटीत त्यांच्या दिवंगत वडिलांच्या गाण्यांच्या वह्या होत्या. वडिलांनी आयुष्यभर गायन पार्टी घेऊन खेडोपाडी बाबासाहेब पोहोचवले. १९९८ साली एका कंपनीने त्यांच्या दहा गाण्यांची कॅसेट काढली, थोडे मानधन हातावर ठेवले आणि स्टॅम्प पेपरवर सही घेतली. कॅसेटवर गीतकार म्हणून काय छापले? 'पारंपरिक'! जिवंत माणसाची गाणी पारंपरिक झाली! आज तीच गाणी मोबाईलवर वाजतात आणि पैसा दुसऱ्याच्याच खिशात जातो.

"सही केली म्हणजे सगळे गेले ना?" असे त्या ताईंनी विचारले. आम्ही तो कागद वाचला. त्यात मुदत नव्हती, प्रदेशही नव्हता. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम १९ सांगते की हक्काचे हस्तांतरण लेखीच हवे आणि त्यावर हक्क देणाऱ्याची सही हवी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरावा. मुदतीची ही तरतूद १० मे १९९५ पासूनच्या कागदांना लागू आहे, त्याआधीच्या नाही. म्हणजे १९९८ च्या त्या कागदाची मुदत २००३ सालीच संपली! गीतांच्या शब्दांवरचा हक्क घरी परत आला होता आणि घराला त्याचा पत्ताच नव्हता.

गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकला तरी रचनेवर आपले नाव असण्याचा अधिकार विकला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो वारसांनाही बजावता येतो. त्याच दुरुस्तीने ध्वनिमुद्रणातील गीतकाराचा रॉयल्टीचा वाटाही राखला. हा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला लिहून देता येत नाही.

मग अडले कुठे? नावात! वहीतल्या गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात वडिलांचे टोपणनाव. मृत्यूच्या दाखल्यावर जुने आडनाव. ताईंच्या आधार कार्डावर सासरचे नाव. कुटुंब एक, नावे तीन. वारस कोण हे सिद्ध कसे करायचे?

नावाचे मोल आम्हाला कोणी शिकवायला नको. सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. मूळचे घराणे सकपाळ. शाळेच्या रजिस्टरातली ती एक ओळ, पण आज जग त्याच नावाने बाबासाहेबांना ओळखते. आमच्या कितीतरी घरांनी जातीचा शिक्का मारणारी आडनावे टाकली. पण टाकलेले नाव आणि घेतलेले नाव यांना जोडणारा कागद किती जणांनी केला?

हयात माणसाने हे काम राजपत्रातून करावे. शासन मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज होतो. जुने नाव, नवे नाव आणि बदलाचे कारण लिहावे, पुरावे जोडावेत. स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवावे. प्रसिद्ध झालेली प्रत जपून ठेवावी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुने आडनाव असेल तर जात पडताळणीच्या वेळी हीच प्रत उपयोगी पडते. माणूस हयात नसेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, वारसाचा पुरावा आणि लेकीचा विवाह दाखला ही साखळी जुळवावी लागते.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण तिचा दाखला कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. नोंदणीसाठी नमुना १४ आहे. आधीच नोंद असेल आणि नाव किंवा मालक बदलला असेल तर नमुना १५ भरावा. आणि हक्क देण्याचा करार करताना कोणते गीत, कोणता हक्क, किती वर्षे, कोणता प्रदेश, किती रॉयल्टी या पाच गोष्टी लिहिल्याशिवाय पेन उचलू नये. कोऱ्या कागदावर सही तर नाहीच नाही!

आम्ही त्या ताईंच्या वह्यांची यादी केली, प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहिला. कंपनीला नोटीस जाईल. आता प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार अशा कागदांसाठी ठेवू या. वस्तीत कायदा शिकणारी मुले-मुली आहेत, त्यांना टेबल-खुर्ची देऊ या. १४ एप्रिलला शाहिरांची गाणी आम्ही छाती फुगवून गातो. ज्याने ती लिहिली त्याचे नाव कागदावर आणणे हे त्या शाहिराचे आमच्यावरचे ऋण आहे. ते फेडणार कोण? आम्हीच!

जयभीम!