वनजिल्ह्यांतील मुले आणि निसर्गाधारित व्यवसायोपचार

जेवणे, कपडे घालणे, खेळणे, पाटी-पेन्सिल धरणे ही मुलाची रोजची कामे होत. शारीरिक, बौद्धिक किंवा संवेदनांच्या अडचणींमुळे जी कामे त्याला जमत नाहीत, ती हेतुपूर्वक निवडलेल्या कृतींच्या साहाय्याने आणि गरज पडेल तेथे साधने व परिसर बदलून जमवून देणारे शास्त्र म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी अर्थात व्यवसायोपचार. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले, आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक व्यवसायोपचार महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचाही समावेश होता. इतकी जुनी परंपरा असूनही मुलांसाठीचा हा उपचार मुख्यतः शहरांतील बंद खोल्यांत, टांगलेले झोपाळे, मोठे चेंडू आणि गाद्या यांच्या आधारे चालतो. वनांनी व्यापलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या बाबतीत मात्र तो खोलीबाहेर आणण्याचा विचार गंभीरपणे व्हायला हवा.

या विचाराला शास्त्रीय आधार आहे. अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात संवेदन-एकात्मीकरणाची उपपत्ती सविस्तर मांडली. स्पर्श, कानाच्या अंतर्भागातून मिळणारी तोलाची जाणीव आणि स्नायू-सांध्यांतून कळणारी अवयवांच्या स्थितीची जाणीव यांची मेंदूत नीट सांगड बसली, तरच मूल सहजपणे हालचाल करते आणि शिकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या जाणिवांना येथील रोजच्या जीवनातच वाव मिळतो. पावसाळ्यात बांबूच्या गेड्यांवर चालण्याच्या खेळात तोलाची जाणीव कसाला लागते. पाण्याची लहान कळशी उचलताना सांध्यांवर भार येतो. मोहफुले वेचताना उकिडवे बसणे, नजर आणि हात यांचा मेळ आणि बोटांच्या चिमटीची पकड ही तिन्ही कौशल्ये एकाच वेळी वापरली जातात. लक्ष एकाग्र करण्यात अडचण असलेली ७ ते १२ वर्षांची मुले शहरी रस्त्यांपेक्षा उद्यानात २० मिनिटे चालल्यानंतर अधिक एकाग्र होतात, असे अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. तो अवघ्या १७ मुलांवरील असल्याने त्याला अंतिम पुरावा मानता येत नाही, तथापि त्याने दाखवलेली दिशा दुर्लक्षिण्याजोगी नाही.

महाराष्ट्रात या दिशेची पूर्वपीठिकाही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी बिया, खडे, पाने यांनाच शैक्षणिक साधने बनवले आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनात कुष्ठरुग्णांनी माळरानाची शेती केली आणि पुढे तेथे अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. आनंदवनातील श्रमाला व्यवसायोपचार हे नाव नव्हते आणि तो मुख्यतः प्रौढांचा होता. परंतु अर्थपूर्ण कामातून माणसाची क्षमता आणि प्रतिष्ठा परत मिळते हे दोहोंमागील तत्त्व एकच आहे. गडचिरोलीत १९७३ मध्ये हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ पासून चालवलेली शाळा दुसरा धडा देते: माडिया आदिवासी मुलापर्यंत पोहोचायचे, तर त्याच्या भाषेपासून आणि परिसरापासूनच आरंभ करावा लागतो.

तरीही जंगल हा आपोआप उपचार ठरत नाही. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरील ताबा बिघडलेल्या मुलाला कोणती कृती, किती वेळ आणि कोणत्या आधाराने द्यायची, हे प्रशिक्षित तज्ज्ञानेच ठरवावे लागते. स्वमग्न मुलाला मातीचा किंवा आवाजाचा त्रास होत असेल, तर त्याच्या कृतींची गती वेगळी ठेवावी लागते. आणि उपचाराच्या नावाखाली मुलाकडून मजुरी करवून घेतली जाणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. चंद्रपुरातील मानव-वाघ संघर्ष, साप आणि गडचिरोलीतील हिवताप लक्षात घेता या उपचाराची जागा दाट रान नव्हे, तर अंगणवाडीचे किंवा आश्रमशाळेचे कुंपण घातलेले आवार हीच असली पाहिजे. मोहफुले आणि बांबू तेथे आणता येतात.

कायद्याची आणि शासकीय कार्यक्रमांची चौकट उपलब्ध आहे. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रे यांची तरतूद आहे, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आहे. मात्र पर्लकोटा नदीच्या पुराने पावसाळ्यात गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा तेथील मुलाने दर आठवड्याला जिल्ह्याच्या ठिकाणी यावे ही अपेक्षाच अव्यवहार्य ठरते. म्हणून फिरत्या तज्ज्ञाने मुलाची पाहणी करून कृतींचा क्रम आखून द्यावा, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पालक यांनी तो रोज चालवावा, आणि ठरावीक काळाने प्रगतीची नोंद तपासली जावी, अशी रचना येथे आवश्यक आहे. माडिया आणि गोंडी जाणणाऱ्या स्थानिक तरुण-तरुणींना व्यवसायोपचाराच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊन या कामाचा आरंभ शासनाने आणि सामाजिक संस्थांनी विनाविलंब करावा.