घरातला दुसरा रुग्ण

2021च्या मार्च-एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, मुकुंदवाडीतल्या माझ्या दवाखान्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा. ‘मॅडम, पोराला दोनच दिवस ताप होता, मग मायला घाटी रुग्णालयात ऑक्सिजनवर का ठेवावं लागलं?’ विचारणारा बहुतेक वेळा तो पोरगाच असायचा. हातात मायच्या छातीच्या स्कॅनचा, एचआरसीटीचा रिपोर्ट आणि आजार आपणच घरात आणला ही टोचणी.

अर्धं उत्तर मायच्या वयात आणि साखरेत होतं. उरलेलं कदाचित ती कुठे झोपत होती, यात होतं.

कंपनीत किंवा रिक्षात विषाणूशी गाठ पडते ती बऱ्याचदा थोडा वेळ. घरात तसं नसतं. गुंठेवारीतली एकच खोली, अंथरुणाला अंथरूण लागलेलं, रात्रभर खोकला. शेजारी झोपणाऱ्याच्या श्वासातून विषाणू तासन् तास आत जात राहतो. सुरुवातीलाच तो जास्त प्रमाणात शिरला, तर प्रतिकारशक्ती जागी होईपर्यंत फुफ्फुसात पसरलेला असू शकतो.

गोवरात हे फार स्पष्ट दिसलं. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये 1979 साली गोवराची साथ आली. तिचा अभ्यास करताना डेन्मार्कचे पीटर आबी यांच्या लक्षात आलं, की बाहेरून गोवर घेऊन येणाऱ्या मुलापेक्षा घरात त्याच्याकडून लागण झालेली भावंडं जास्त दगावतात. तोवर बहुतेक दोष कुपोषणाच्या माथी मारला जाई. आणि गोवरात मुलं जातात ती बऱ्याचदा न्यूमोनियाने. 2022च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर पसरला, तेव्हा मला आबींची ती भावंडं आठवत होती. तिथे लस चुकलेली मुलंही पुष्कळ होती.

कोरोनाबाबत हाँगकाँगच्या संशोधकांनी 2020मध्ये आजारी आणि निरोगी हॅमस्टरच्या पिंजऱ्यांच्या मध्ये सर्जिकल मास्कचं कापड लावून पाहिलं. लागण कमी झाली, आणि ज्यांना झाली त्यांचा आजारही सौम्य राहिला. माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही. वय, मधुमेह आणि लस यांचं पारडं जड आहे. पण मायचं वय मी कमी करू शकत नाही, तिचं अंथरूण हलवू शकते.

म्हणून मी कूलरबद्दल हटकून विचारते. खिडकीला बाहेरून लावलेला कूलर बाहेरची हवा आत आणतो, समोरचं दार उघडं ठेवलं की खोलीतली हवा निघून जाते. तोच कूलर आत ठेवून दारं लावली की खोकल्याची हवा तिथेच फिरत राहते. ‘वारं लागेल’ म्हणून खिडकी लावून घेणाऱ्या आजींशी मी चक्क भांडले आहे.

एकच खोली असेल तर रुग्णाचं अंथरूण हवा बाहेर जाते त्या दाराशी घाला, आणि बाकीच्यांनी त्याच्या पायांच्या दिशेला डोकं करून झोपावं. मास्क रुग्णालाही हवा आणि बाकीच्यांनाही. सेवेला एकच माणूस, तोही शक्यतो तरुण आणि लस घेतलेला. घरात दुसऱ्याला ताप आला, तर त्याच्या आजाराचे दिवस त्याच्या तापापासून नव्याने मोजा, कारण कोरोनात दम लागतो तो साधारण पहिला आठवडा सरताना. रुग्णाला रोज सहा मिनिटं घरातल्या घरात चालवून ऑक्सिमीटर लावा. आकडा 94च्या खाली गेला किंवा बोलताना धाप लागली, तर सकाळ होण्याची वाट न बघता घाटी गाठा.