चारित्र्य : शब्द आणि शिक्का

आमच्या कोलशेतच्या इमारतीत घरकामास येणाऱ्या बाईंनी मध्यंतरी एक छापील अर्ज माझ्यापुढे ठेवला. सोसायटीने प्रवेशपत्रासाठी सर्व कामगारांकडे पोलिसांच्या ‘चारित्र्य पडताळणी’चा दाखला मागितला होता. बाई गावठाणातल्या. आज जेथे गगनचुंबी मनोरे आहेत तेथे रंग-रसायनांचे कारखाने होते, तेव्हापासून त्यांचे बिऱ्हाड खाडीच्या अंगालाच आहे. मी अर्ज वाचून दाखवू लागलो आणि त्या मध्येच म्हणाल्या, ‘‘सर, माझ्या चारित्र्याला काय झालंय म्हणून पोलीस ते तपासणार?’’

मी त्यांना समजावले की पोलीस फक्त नावावर गुन्हा नोंदलेला आहे काय एवढेच पाहतात. त्यांची समजूत पटली, परंतु माझी काही पटेना. कारण बाईंनी त्या शब्दाचा जो अर्थ घेतला तोच आज मराठीत रूढ आहे. चूक असलीच तर ती अर्ज छापणाऱ्याची आहे.

आपण ज्याचे भाषांतर ‘चारित्र्य’ असे केले तो इंग्रजी शब्द म्हणजे ‘कॅरेक्टर’. त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून तेथे त्याचा अर्थ कोरण्याचे वा ठसा उमटवण्याचे हत्यार आणि पुढे त्या हत्याराने उमटलेला ठसा, असा होता. नाण्यावरची मुद्रा हे त्याचे ठळक उदाहरण. ठशावरून खूण, खुणेवरून वेगळेपणा आणि वेगळेपणावरून माणसाचा स्वभाव, असा या शब्दाचा प्रवास झाला. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात थिओफ्रास्टसने कंजूष, बडबड्या, फुशारकी मारणारा अशा तीस मानवी नमुन्यांची शब्दचित्रे लिहिली, तीही याच नावाने. लिपीतले अक्षर, नाटकातले पात्र आणि आपण थट्टेने ‘काय कॅरेक्टर आहे!’ म्हणतो तो विक्षिप्त गृहस्थ, ही सारी त्या एकाच ठशाची अपत्ये.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला नाण्याची उपमा भावावी हे स्वाभाविक आहे. नाण्यावरचा शिक्का एक सांगतो, आतला धातू कधीकधी दुसरेच सांगतो. शिक्का पाहावयास डोळे पुरतात. धातू पारखावयास मात्र कस लावावा लागतो. माणसाच्या बाबतीतही लौकिक आणि पिंड या दोन वस्तू आहेत. नवल म्हणजे कायद्याने दोन्ही एकाच शब्दात बसवल्या. १८७२ च्या पुरावा अधिनियमात ‘कॅरेक्टर’मध्ये लौकिक आणि प्रवृत्ती या दोहोंचा समावेश होतो, असे स्पष्टीकरण होते, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवले आहे.

मराठीचे भांडार या बाबतीत दरिद्री नाही. स्वभाव आहे, पिंड आहे, प्रकृती आहे. सवयीने मुरलेल्या सद्वर्तनाला शील आहे. डॉ. आंबेडकरांनी विद्येबरोबर शीलाचा आग्रह धरला तो याच व्यापक अर्थाने. आणि बाजारात ज्याच्यावर विश्वास टाकता येतो त्याच्यापाशी ‘पत’ आहे. १९१२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे जे. पी. मॉर्गन या बलाढ्य पेढीवाल्याने सांगितले की, कर्ज देताना तो पैसा वा मालमत्ता यांच्या आधी माणसाचे ‘कॅरेक्टर’ पाहतो. आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदाही याच श्रद्धेवर उभा होता. एका गावातील दहा माणसांनी अमर्याद जबाबदारीवर संस्था काढावी, कारण कोण कर्ज बुडवील आणि कोण फेडील हे ती दहा माणसे एकमेकांविषयी जाणतात. त्या जाणण्याला दाखल्याची गरज नव्हती.

‘चरित्र’ हा शब्दही मुळात मोकळा. ‘चर्’ म्हणजे चालणे, वागणे; जो जसा वागला ते त्याचे चरित्र. त्याच घराण्यातल्या ‘चारित्र्या’चा संकोच मात्र आपण केला, आणि तोही पक्षपाताने. अफरातफर करणाऱ्याला आपण भ्रष्ट म्हणतो, लबाड म्हणतो. ‘चारित्र्यहीन’ सहसा म्हणत नाही. तो शब्द आपण बहुधा स्त्रीसाठी राखून ठेवला आहे. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा वृत्तपत्रांच्या वाचकास इतका परिचित आहे की डोळा त्यावरून घसरून जातो. संशय पतीचा, मृत्यू पत्नीचा, आणि मथळ्यात प्रश्नचिन्ह लागते ते तिच्याच चारित्र्यावर! पतीच्या चारित्र्याचा त्या बातमीत उल्लेखही नसतो.

हा पक्षपात केवळ बोलीचा असता तर एक वेळ सोडून देता आला असता. तो कायद्यातही होता. आरोपीचे पूर्वीचे दुर्वर्तन त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून आणता येत नाही, जोवर तो स्वतःच आपल्या सद्वर्तनाचा दाखला देत नाही, असा नियम त्याच १८७२ च्या कायद्यात होता आणि तो योग्यच आहे. परंतु बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनीतिमान चारित्र्याची’ आहे हे दाखवून तिची साक्ष मोडून काढण्याची मुभा आरोपीला होती. म्हणजे चारित्र्याच्या प्रश्नापासून संरक्षण आरोपीला, आणि उलटतपासणी पीडितेची.

१९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने मुलीच्या पूर्ववर्तनावर शेरे मारून आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. चार कायदाध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा सुधारला. पण चारित्र्याचे ते पोटकलम तेव्हाही टिकले! ते वगळले गेले २००२ च्या दुरुस्ती कायद्याने. एकशेतीस वर्षे एक शब्द न्यायालयात उभा राहून साक्ष देत होता.

आम्ही शिक्षकही यातून सुटत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यात ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि त्यात ‘चांगली’ लिहिले जाते. निदान तो शब्द प्रामाणिक आहे, वर्तणूक दिसते. महाविद्यालयात मात्र ‘हा विद्यार्थी उत्तम चारित्र्याचा आहे’ अशा छापील मजकुराखाली मी आजवर कितीतरी सह्या केल्या आहेत. त्यांतले निम्मे चेहरेही मला आठवत नाहीत. शंभरांच्या वर्गात मागल्या बाकावर बसणाऱ्या मुलाचा पिंड मला कसा कळावा? मी शिक्का मारतो; धातू पाहिलेला नसतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पोलीस जे पाहतात त्याला ‘गुन्हेनोंद पडताळणी’ म्हणावे, महाविद्यालयाने ‘वर्तणूक’ लिहावे, आणि वार्ताहरांनी मथळ्यातला ‘चारित्र्य’ हा शब्द काढून टाकावा. ‘संशयी पतीकडून पत्नीचा खून’ एवढे लिहिले तरी बातमी पूर्ण होते.

बाईंचा दाखला काही दिवसांनी आला. त्यांच्या नावावर कोणताही गुन्हा नोंदलेला नाही, असे त्यात होते. ‘‘एवढंच होतं?’’ त्यांनी विचारले. मग तो कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, शिधापत्रिकेच्या शेजारी घडी करून ठेवला आणि भांड्यांकडे वळल्या.