वीज गेली की ब्रेक लागतो

चंद्रपूर किंवा वणीकडची खुली कोळसा खाण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना उतारावरून ये-जा करणारे अवाढव्य डंपर आठवतील. असा भरलेला डंपर चढावर उभा असताना इंजिन बंद पडलं, वायर जळाली, तर त्याला धरून ठेवणार कोण, असं मला बरेच जण विचारतात. उत्तर थोडं उलटं आहे. वीज जाते, म्हणूनच तो जागेवर राहतो.

स्कूटरचा ब्रेक आपण दाबला की लागतो. बहुतेक अवजड यंत्रांचा पार्किंग ब्रेक मात्र मुळात लागलेलाच असतो. आतली दणकट स्प्रिंग ब्रेकच्या चकत्या घट्ट आवळून धरते. गाडी हलवायची तर पंपाच्या दाबाचं तेल आत सोडून ती स्प्रिंग मागे रेटावी लागते.

हे तेल सोडतो सोलेनॉइड व्हॉल्व्ह. तांब्याच्या तारेचं वेटोळं, मध्ये लोखंडी दांडी आणि दांडीपुढे सरकणारा छोटा स्पूल, एवढाच त्याचा संसार. २४ व्होल्टचा प्रवाह आला की वेटोळ्याचं लोहचुंबक होतं, दांडी खेचली जाते आणि तेलाची वाट उघडते. घरातली टिंगटाँग बेल अशीच वाजते. प्रवाह थांबला की स्पूल मागे येतो, ब्रेकमधलं तेल टाकीत उतरतं आणि स्प्रिंग आपलं काम करते. आगगाडीची साखळी ओढल्यावर हवेचा दाब उतरून ब्रेक लागतो, त्यामागेही हाच विचार आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी तो १८७२ मध्येच रेल्वेत आणला.

पण स्पूलभोवतीची फट असते जेमतेम काही मायक्रॉनची. आपला केसही तिच्याहून कितीतरी जाड. तेलात कचरा असला की स्पूल अडकतो, आणि मग वीज गेली तरी तेल उतरत नाही. म्हणून फिल्टर बदलण्यात काटकसर नको.

याहून वाईट प्रकार मी पाहिला आहे. अनेक व्हॉल्व्हना अडचणीच्या वेळी हाताने ढकलायची पिन असते. कॉइल जळाली की ‘आजची पाळी निघू दे’ म्हणत ती पिन दाबून तारेने बांधून टाकतात. गाडी चालते, काम होतं. फक्त ब्रेक लागायची वाटच बंद झालेली असते, आणि हे पुढच्या पाळीच्या ड्रायव्हरला कोणी सांगत नाही. त्याने पाळीच्या आरंभी, सपाट जागी, पुढेमागे माणूस नाही हे पाहून, यंत्राच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीने पार्किंग ब्रेक तपासावा. धरत नसेल, तर चाकांना ठोकळे लावून किल्ली काढून घ्यावी.