बिब्बा उतू नये म्हणून

ज्याच्या रसाने धोबी कपड्यांवर खुणा करीत, तो बिब्बा आजही अनेक घरांत औषध म्हणून ठेवलेला असतो. त्याचे काळे तेल मात्र त्वचेस दाहक आहे. अमेरिकेतील पॉयझन आयव्ही ही वेल आणि आपला काजू त्याच्याच कुळातले. तेल लागल्यावर पहिली 10-15 मिनिटे मोलाची; साबण व भरपूर गार पाण्याने ते लगेच धुवावे, नखांखालीही. खोबरेल लावण्याची आजीबाईंची रीत आहे, पण आधी खोबरेल चोळल्यास दाहक तेल पसरण्याचीच भीती अधिक. पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून माणूस गाफील राहतो. फोडांतील पाण्याने ते पसरत नाही. चेहरा वा डोळे सुजल्यास मात्र घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे.