आईला चालेल असा ॲपल पाय: थंड बटरचं गणित

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. विषय आहे ॲपल पाय. हो, शब्द ‘पाय’च, आणि त्यावरचे सगळे विनोद आमच्या घरात करून संपलेत.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे अमेरिकेत थँक्सगिव्हिंग. यंदा आई-बाबा न्यू जर्सीला आलेत आणि जेवण ताईच्या सासरी आहे. विहीणबाईंकडे आई पहिल्यांदाच जेवणार, आणि ती अंडंही खात नाही. म्हणजे टर्की गेली, टर्कीच्या रसातली ग्रेव्ही गेली, पम्पकिन पायसुद्धा गेला, कारण त्याचं सारण अंड्यानेच घट्ट होतं. मग सगळे गोड खाणार आणि आई ‘माझं पोट भरलं’ म्हणत बसणार. ते नको, म्हणून पाय आम्ही नेतोय. ॲपल पायच्या सारणाला अंडं लागतच नाही. विकतचं तयार कव्हर घेणार असाल तर मात्र पाकीट वाचा. काहींमध्ये लार्ड असतं, म्हणजे डुकराची चरबी.

आता कव्हर. खरी इंजिनिअरिंग इथेच आहे. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. ते पिठाच्या कणाकणाला लागतं, ग्लुटेनचे धागे लांब होऊ शकत नाहीत, करंजी खुसखुशीत होते. पायचं बरोबर उलटं. बटर फ्रीजमधलं थंडगार हवं आणि ते पिठात पूर्ण मिसळायचंच नाही, वाटाण्याएवढे तुकडे दिसले पाहिजेत. लाटताना ते चपटे होतात. बटरमध्ये साधारण 16 ते 18 टक्के पाणी असतं, ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि ती पिठाचे थर उचलते. साट्याची करंजी आठवा, पदर तसेच सुटतात, फक्त जरा गबाळे. आणि म्हणूनच इथे तूप चालत नाही. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे चव छान येईल, पण ती नानकटाई होईल.

प्रमाण असं: 300 ग्रॅम मैदा, 225 ग्रॅम बटर, छोटा चमचा मीठ, मोठा चमचा साखर आणि बर्फाचं पाणी 90 ते 120 मिली. पाणी चमच्याचमच्याने. मुठीत दाबल्यावर गोळा जेमतेम टिकला की थांबायचं. पोळीच्या कणकेसारखं मळलंत तर कव्हर चिवट झालंच समजा. दोन गोळे करून तासभर फ्रीजमध्ये.

सारणाला सव्वा किलो ग्रॅनी स्मिथ, म्हणजे ती हिरवी आंबट सफरचंदं. लाल गोड जातींचा बहुतेक वेळा लगदा होतो. 150 ग्रॅम साखर, लिंबू, दालचिनी, 3 मोठे चमचे कॉर्नस्टार्च. (आई वेलचीवर अडून बसली आहे. चर्चा चालू आहे.)

भरा, वरची पोळी लावा, वाफेसाठी चिरा द्या, अंड्याऐवजी दुधाचा हात फिरवा. ओव्हनच्या खालच्या कप्प्यात 220 अंशांवर 20 मिनिटं, म्हणजे तळ कच्चा राहत नाही. मग 190 वर 40 ते 50 मिनिटं. रंगावर जाऊ नका, चिरांमधून रस मधोमध बुडबुडताना दिसला पाहिजे. कॉर्नस्टार्च उकळीच्या जवळच नीट घट्ट होतो. नंतर 4 तास हात लावायचा नाही, गरम कापलात तर सूप. आम्ही बुधवारी रात्रीच करणार, कारण गुरुवारी ओव्हन टर्कीच्या ताब्यात.

भारतातून हमखास येणारा प्रश्न: ओटीजीत होईल का? होईल, आधी नीट तापू द्या. मुंबईच्या उकाड्यात मैदाही फ्रीजमध्ये ठेवा आणि बटर फ्रीझरमधून काढून थेट किसा. हातात मऊ लागायला लागलं की भांडं उचलून दहा मिनिटं परत आत.